गॅस ग्रिलची जाळी बदलायचीय, बिडाची घेऊ का स्टीलची करून घेऊ? (सोलापूर)

गच्चीवरचा खादाड

राम राम मंडळी. जुळे सोलापुरात राहतो, गच्चीवर तीन बर्नरचा झाकणवाला गॅस ग्रिल आहे. मेव्हण्याची पुण्याहून बदली झाली तेव्हा त्यानं "तुमच्याकडं गच्ची आहे, घेऊन जा" म्हणून गळ्यात मारला, फुकट म्हणून मीही टेम्पोत टाकून आणला. दोन वर्षं झाली, थंडीत जवळजवळ दर रविवारी पेटतो. कणसं, भरताची वांगी, पनीर, चिकन, आणि अधूनमधून उजनीची चिलापी.

तर प्रॉब्लेम जाळीचा आहे. बारीक तारेची जाळी आहे, वरून काळं चकचकीत कोटिंग, जुन्या पांढऱ्या चहाच्या मगाला असतं तसलं एनॅमल. मधल्या भागात त्याचे टवके उडालेत आणि खालून तांबडा गंज दिसतोय. मी दोन-तीनदा घासून तेल लावून चालवलं पण गेल्या रविवारी चिलापी उलटवायला गेलो तर अर्धा मासा जाळीला आणि अर्धा उलथन्यावर, आणि जो वर आला त्याच्या पोटाला करंगळीच्या नखाएवढा काळा टवका चिकटलेला. बायकोनं तो टवका चिमटीत धरून ताटाच्या कडेला ठेवला आणि काही बोलली नाही. संसारी माणसांना कळेल.

आता ओरिजिनल जाळी इकडं मिळत नाही. ऑनलाइन बिडाच्या जाळ्या दिसतात पण माझ्या मापाची एकही नाही आणि फोटोवरून जाडी कळत नाही. मधल्या मारुतीजवळ एका हार्डवेअरवाल्यानं जीआयची, म्हणजे गॅल्वनाइज्ड लोखंडी तारेची वेल्डमेश कापून देतो म्हणून सांगितलं, तीनशे रुपयांत काम होईल म्हणाला. एक मित्र म्हणतो जुन्या फ्रिजची जाळी टाक. दुसरा म्हणतो फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टीलची करून घे, आयुष्यभर बघायला नको. आणि आमचे वडील म्हणतात बिडासारखं काही नाही, स्टीलवर चव येत नाही. कुणी केलंय का हे? आणि मासा न चिकटणारी जाळी अशी काही गोष्ट असते का खरंच, का सगळं नशीब?

सातरस्ता एक्सप्रेस

गच्चीवर ग्रिल अन दोन वर्षांत एकदा बोलावलं नाहीस, काय करालास बे. आधी आमंत्रण दे मग सल्ला. बाकी जीआय टाकू नको एवढं मलापण कळतं, का ते विचारू नको, आर्गनवाले काका येतील इथं, ते सांगतील.

आर्गनवाला

आलो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं शेड आहे, स्टीलचं काम, जास्त करून हॉटेलच्या भट्ट्या, टेबलं, सिंक. ढाब्यांच्या जाळ्या कितीतरी केल्यात. जरा मोठं लिहितो, सावकाश वाचा.

जीआय डोक्यातून काढा. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४१९ डिग्रीला वितळतं, आणि तो मुलामा २०० डिग्रीच्या वर कायम तापवायचा नसतोच, बर्नरच्या बरोबर वर असलेली जाळी त्याच्यापुढं सहज जाते. तापायचं सोडा, दही-लिंबू लावलेलं चिकन नुसतं ठेवलं तरी आंबटानं जस्त सुटतं, पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसाच प्रकार. आमच्या शेडमध्ये नवीन पोरगं लागलं की एकदा तरी जीआयवर वेल्डिंग मारून धूर खातं आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो, परत जन्मात मारत नाही. फ्रिजची जाळी पण नको, काही जुन्या जाळ्यांवर कॅडमियमचा मुलामा असायचा आणि ते जस्तापेक्षा कितीतरी वाईट. तुमच्या मित्राला सांगा फ्रिजची जाळी फ्रिजमध्येच बरी.

आता स्टील. बाजारात "स्टेनलेस" म्हणून जे मिळतं त्यात ३०४ असतं, २०२ असतं, ४३० असतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल वाचवून त्याजागी मँगनीज घातलेलं, दिसायला सेम टू सेम, नवं असताना मलासुद्धा नजरेनं ओळखता येत नाही. लोकं चुंबक घेऊन येतात, चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ झालं असं समजतात. ते चूक आहे. चुंबक ४३० पकडून देतो, २०२ ला पण तो चिकटत नाही. आणि उलट ३०४ ची सळई ओढून काढलेली किंवा वाकवलेली असली की चुंबक हलकासा धरतो, मग गिऱ्हाईक म्हणतं फसवलं. खरी टेस्ट म्हणजे ते मँगनीज ओळखायचं लिक्विड, भंगारवाल्यांकडं पण असतं, एक थेंब टाकायचा, बॅटरी लावायची, लाल झालं की २०२. तुमच्यासमोर टेस्ट करून दाखव म्हणा, जो कां कू करेल त्याच्याकडून उठून या.

पण मला विचाराल तर मटेरियलपेक्षा जाडी महत्त्वाची. आमचा एक हिशोब असतो, सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, १६२ ने भागा, एका मीटरचं वजन किलोत येतं. लोखंडाचा हिशोब आहे तो, स्टीलला टक्काभर वर धरा. तुमची जुनी तार ४ मिलिमीटरची असणार, म्हणजे मीटरला १०० ग्रॅम. ८ ची सळई घेतली तर मीटरला ४०० ग्रॅम. जाडी दुप्पट, वजन चौपट. गार मासा ठेवला की बारीक तार लगेच गार पडते आणि मासा भाजायच्या ऐवजी चिकटून बसतो. जाड सळई गार पडत नाही. तुमच्या चिलापीचं निम्मं उत्तर इथं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. जाळी बदलायच्या आधी तिच्या खाली बघा. जाळी फक्त मधेच का जळली हा प्रश्न विचारलात का स्वतःला? बर्नरवर जे पत्र्याचे कौलासारखे तुकडे असतात ते बघा, आणि ज्योत कशी येते ते अंधारात बघा. ग्रिलचं आतलं माप, जिथं जाळी टेकते त्या कडेपासून त्या कडेपर्यंत, टेपनं घेऊन इथं टाका. जुन्या जाळीचं माप घेऊ नका, ती वाकलेली असणार.

गच्चीवरचा खादाड

काका, तुम्हाला गच्चीवरचा कॅमेरा लावून दिसतंय का काय. काल संध्याकाळी सगळं उचकटलं. मधल्या बर्नरवरचा पत्रा हातात घेतला तर त्याला आरपार भोक, रुपयाचं नाणं जाईल एवढं, कडा अशा पातळ झालेल्या की बोटानं तुटतायत. म्हणजे ज्योत थेट जाळीला लागत होती आणि चरबी थेट बर्नरवर पडत होती.

अजून गंमत. डावा बर्नर नेहमीच पिवळा अन मिणमिणता जळायचा, मला वाटायचं गॅस कमी येतोय, रेग्युलेटर बदलून झाला, पाईप नवा घेतला. काल गॅस बंद करून बर्नर बाहेर काढला आणि त्याच्या नळीत सायकलच्या चाकाची तार घालून खरवडलं तर आतून माती. भुगा नाही, चक्क गिलावा केल्यासारखी वाळलेली माती आणि त्यात दोन वाळक्या अळ्या. कुंभारीण माशीनं घर बांधलं होतं नळीत! उन्हाळ्यात चार महिने झाकून ठेवतो तेव्हाचा उद्योग. धुऊन वाळवून लावला, आता निळी ज्योत येते. साबणाचं पाणी लावून जॉइंट पण तपासले.

माप : आतून ६० सेमी रुंद, पुढून मागे ४३ सेमी. जुन्या दोन्ही जाळ्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या तराजूत टाकल्या, एक किलो नऊशे. भाजीवाला म्हणाला वांगी कमी आली का आज.

बिडाचा तवा

मी होटगी रोडला राहते, स्टीलवाल्या काकांचा मान राखून बिडाची बाजू मांडते, कारण कुणीतरी मांडायला पाहिजे. माझ्याकडं दोन बर्नरचा छोटा ग्रिल आहे आणि त्यावर बिडाची जाळी, पाच वर्षं झाली. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंचा बिडाचा तवा अजून घरात आहे, त्यावर धिरडं सुटतं तसं नॉनस्टिकवर सुटत नाही, तेच जाळीला लागू. गंजतं गंजतं म्हणून लोक घाबरवतात पण ते कोकणात. रत्नागिरीला माझी बहीण आहे, तिची कढई पावसाळ्यात दोन दिवस पुसली नाही तर तांबडी होते. आपल्या सोलापूरच्या हवेत कपडे तासाभरात वाळतात, लोखंडाला गंजायला सवड कुठंय. फक्त भिजत ठेवायची नाही आणि साबणात घालायची नाही. तसंही आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, भांडी भिजवत ठेवायची चैन कुणाला.

नवी जाळी आणली की एकदा नीट धुवा, लगेच ग्रिलवरच तापवून कोरडी करा. कोमट असताना शेंगदाण्याचं तेल लावा आणि मग कोरड्या फडक्यानं ते सगळं पुसून काढा, तेल लावलंच नव्हतं असं समजून पुसा. इथंच सगळे चुकतात. तेल जास्त राहिलं की चिकट थर बसतो आणि त्याला धूळ लागते. मग झाकण लावून २०० ते २३० डिग्रीवर तासभर. गार होऊ द्या. असं तीन-चारदा. रंग राखाडीचा तपकिरी आणि मग काळा होतो. जवसाचं तेल लावा असं व्हिडिओत सांगतात, मी लावलं होतं, सुरेख चकचकीत झालं आणि दोन महिन्यांत पापुद्रे निघाले. शेंगाचंच बरं, नाहीतरी आपल्या घरात ते असतंच.

बिडाचा दोष सांगायचा तर ठिसूळ. माझ्या मुलानं एकदा तापलेल्या जाळीवर कौतुकानं गार पाणी मारलं, मोठा टिक्क आवाज आला आणि एक दांडी चिरली. पडली तरी तुकडे. आणि हो, लोखंडी घासणीचा तारेचा ब्रश दोन्हीकडं वापरू नका, त्याच्या तारा तुटून जाळीत राहतात आणि घासात येतात, घशात अडकून ऑपरेशनची वेळ आलेली माणसं आहेत जगात. मी नारळाच्या शेंडीनं घासते, जाळी गरम असतानाच, चिमट्यात धरून.

आर्गनवाला

ताई, बिडाला मी नाव ठेवत नाही. मी स्वतः जेवतो बिडाच्या तव्यावरची भाकरी. फक्त दोन गोष्टी. एक म्हणजे बिडाची जाळी करून घेता येत नाही, ओतावी लागते, साचा करावा लागतो, आणि एका जाळीसाठी कुठलाही ओतकामवाला साचा करणार नाही. आयतं माप बसलं तर ठीक. यांचं बसत नाही.

दुसरं म्हणजे "बीड उष्णता धरतं, स्टील धरत नाही" हे जे सगळे म्हणतात ते अर्धवट आहे. किलोला किलो लावलं तर दोघांची उष्णता धरायची ताकद जवळपास सारखीच, स्टीलची केसभर जास्तच. बिडाची जाळी जास्त धरते कारण ती मुळात जड असते, स्टीलची म्हणून जी मिळते ती काडेपेटीच्या काडीएवढी. फरक आहे तो उष्णता पसरायचा, बीड ३०४ च्या साधारण तिप्पट वेगानं उष्णता पुढं नेतं. त्यामुळं स्टीलवर बर्नरच्या वर जास्त अन मधे कमी असा फरक राहतो. ते खरंय, मान्य. पण खालचे पत्रे धड असतील तर तो फरक बराच कमी होतो.

खादाड साहेब, तुमचा हिशोब करून देतो. दोन जाळ्या करा, एक अख्खी नको, धुवायला उचलवणार नाही. ८ मिलिमीटरची ३०४ ची सळई, दोन सळयांत १० मिलिमीटर फट. एका जाळीला १७ सळया लागतील, प्रत्येकी साडेबेचाळीस सेमी, रुंदी भरेल २९.६ सेमी. खालून तीन आडव्या. एकीचं वजन सव्वातीन किलोच्या आसपास, दोन्ही मिळून साडेसहा. सळया पुढून मागे जाणाऱ्या करा, आडव्या वरून नको, उलथनं अडकतं. ४३ च्या जागेत साडेबेचाळीस का, तर स्टील तापलं की वाढतं. ३०० डिग्रीनं तापलं तर एवढ्या लांबीला दोन मिलिमीटरच्या वर वाढतं. फिट्ट माप करून घेतलं तर तापल्यावर जाळी कमान करून वर येते, मग म्हणाल काकांनी वाकडी सांगितली.

वेल्डिंग आर्गन वायूचंच, साध्या रॉडचं नको, जोडावर गंज येतो. आणि कारागिराला बजावून सांगा, लोखंडाला वापरलेला ब्रश अन ग्राइंडिंगचं चाक स्टीलला लावायचं नाही. खालचे तीन पत्रे पण त्याच वेळी करून घ्या, ३०४ चा दीड मिलिमीटरचा पत्रा, व्ही आकारात वाकवून. माझ्याकडं सध्या गड्ड्याच्या जत्रेतल्या स्टॉलची कामं आहेत, संक्रांत उरकेपर्यंत मान वर करायला वेळ नाही, नाहीतर मीच केलं असतं.

सातरस्ता एक्सप्रेस

काका एक प्रश्न, अर्ध्या भागावर सपाट पत्राच टाकला तर? कांदा, अंडी, सगळंच होईल, अन मासा पण पडणार नाही.

आर्गनवाला

अर्ध्यावर चालतो. सगळं झाकू नका कधीच. खालची गरम हवा वर जायला जागा पाहिजे, नाहीतर ती उलटी फिरते, पुढच्या बटणांवर अन पाइपवर येते. बटणं वितळलेला ग्रिल माझ्याकडं आला होता एक, मालक म्हणाला कंपनी खराब आहे.

गच्चीवरचा खादाड

तीन आठवड्यांनी अपडेट टाकतोय, उशीर झाला, माफी.

काका बिझी म्हणून आमच्या भागातल्याच एका शेडवाल्याकडून करून घेतलं. लिक्विड टेस्टचं नाव काढल्यावर तो आधी हसला, मग म्हणाला आहे आहे, आणि पहिल्या सळईवर थेंब टाकला तर लाल! मग "अरे पोरानं चुकून दुसऱ्या गठ्ठ्यातली काढली" म्हणून आतून दुसरी आणली, ती लाल झाली नाही. पोरगं बिचारं सकाळपासून चहा आणायला गेलेलं होतं, त्यानं कुठली सळई काढली देव जाणे. असो. दोन जाळ्या सहा किलो सहाशे भरल्या, तीन पत्रे वेगळे, मजुरीसकट चार हजारांच्या आत बसलं. वडील म्हणाले एवढ्यात दोन महिन्यांचं मटण आलं असतं.

पहिल्यांदा वापरताना पंधरा मिनिटं झाकण लावून तापवली. कांदा अर्धा कापून काट्याला टोचला, तेलात बुडवून सळयांवर फिरवला. चिलापी फडक्यानं कोरडी केली, आतापर्यंत मी ओलीच टाकत होतो. टाकल्या टाकल्या जो आवाज आला तो जुन्या जाळीवर कधी आलाच नव्हता. मग हात मागे बांधून उभा राहिलो, चार मिनिटं, उलथन्याला हात लावला नाही. तिसऱ्या मिनिटाला उचलून बघायचा मोह झाला होता, एक कोपरा ओढला तर सुटत नव्हता. मिनिटभरानं तोच कोपरा आपोआप सुटला. अख्खा मासा उलटला, पोटावर सळयांचे पट्टे, शेपटी शाबूत. दुसरा मासा मात्र फुटला, तो माझ्या मुलीनं उलटला, तिला घाई.

आता दोन शंका. जाळी मधून सोनेरी-निळी पडली, हे खराब झालं का? आणि तिसऱ्या आठवड्यात एका जाळीच्या एकाच बाजूच्या जोडांवर चहाचे डाग पडावेत तसे तांबूस ठिपके दिसायला लागलेत, बाकी कुठंच नाहीत. परत २०२ च दिलं का त्यानं?

बिडाचा तवा

निळी पडणारच ओ, आमच्या चहाच्या पातेल्याचा बुडखा बघा. कोरडी करून टाकायची हे भारी केलंत, अर्ध्या लोकांचा मासा त्यामुळंच चिकटतो. ठिपक्यांचं काका सांगतील. आणि वडिलांना सांगा, चव जाळीला नसते, खाली चरबी पडून जो धूर होतो त्याला असते. बिडवाली असून सांगतेय.

आर्गनवाला

रंग म्हणजे तापल्याची खूण, काही होत नाही. ठिपके एकाच बाजूच्या जोडांवर आहेत म्हणजे सळई बरोबर आहे, २०२ असती तर सगळीकडं दिसलं असतं. त्या पोरानं एवढ्या बाजूला लोखंडाचा ब्रश मारला, लोखंडाचे कण बसले त्यात, ते गंजतायत. चहा आणायलाच ठेवायला पाहिजे होतं त्याला. पुढच्या आठवड्यात गड्ड्याचं काम उरकतंय, जाळी घेऊन शेडवर या, पिकलिंग पेस्ट (स्टील साफ करायची ॲसिडची पेस्ट) लावून धुऊन देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. घरी ॲसिड-बिसिड लावत बसू नका. पैसे नकोत, येताना चिलापी आणा, शेडवर भट्टी आहेच.

सातरस्ता एक्सप्रेस

कुठला वार ठरलाय काका? मी कडक भाकरी अन शेंगा चटणी घेऊन येतो.